काचेखालची हवा: नवा टॅब पारखताना

टॅबच्या माहितीपत्रकात त्याचे गुण छापलेले असतात. उणिवा छापत नाहीत. त्या न छापलेल्या ओळींत असतात. म्हणून नवा टॅब पारखायचा तर एकट्याचं पत्रक वाचून भागत नाही. त्याच कंपनीच्या एक पायरी महाग मॉडेलचं पत्रक शेजारी ठेवायचं, तिथल्या कुठल्या ओळी इथे गायब आहेत ते एकेक करून बघायचं, आणि त्यांपैकी आपल्या कामात नडणारी कोणती ते ठरवायचं.

एका खऱ्या जोडीवर हे करून बघू. ४ मार्च २०२५ रोजी ॲपलने दोन टॅब एकदमच जाहीर केले: ए१६ चिपचा साधा आयपॅड आणि एम३ चिपचा आयपॅड एअर. बाजारात आला तेव्हा साध्याची भारतातली किंमत ३४,९०० रुपयांपासून सुरू होत होती, ११ इंची एअरची ५९,९०० पासून. पडद्याचं माप तेच, ठिपके तेवढेच (२३६० बाय १६४०), उजेडाचा आकडाही तोच, ५०० निट्स. स्टोरेज दोन्हींत १२८ जीबीपासून. मग वरचे पंचवीस हजार कशाचे?

उत्तर कामावर अवलंबून आहे, म्हणून काम आधीच ठरवून घेऊ: कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी, दिवसाचे तीन-चार तास पीडीएफ वाचन, हाताने नोट्स, आणि रेकॉर्ड केलेली लेक्चरं. महाराष्ट्रात टॅब घरात येतो तो बहुतेक ह्याच कामासाठी. चित्रकार किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचा हिशेब वेगळा लागेल.

चिपची काळजी सोडा

ए१६ ही चिप २०२२ च्या आयफोन १४ प्रोमधली. आयपॅडमध्ये तिची जरा कमी केलेली आवृत्ती आहे: फोनमध्ये प्रोसेसरचे सहा कोअर, इथे पाच, ग्राफिक्सचे तिथे पाच, इथे चार. रॅम ६ जीबी. चारशे पानांची पीडीएफ, शेजारी नोट्स आणि कोपऱ्यात व्हिडिओ हे तिला सहज पेलतं. एम३ बरीच ताकदवान आहे, पण पान उलटताना किंवा लेक्चर ऐकताना ती ताकद जाणवण्याचा प्रसंगच येत नाही. गायब ओळ इथे एक आहे, ॲपल इंटेलिजन्स. ॲपलची ही एआय साधनं ह्या टॅबवर चालत नाहीत. चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे ॲप मात्र नेहमीसारखी चालतात, कारण त्यांचं काम टॅबमध्ये होत नाही, इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर होतं.

टॅब किती वर्षं टिकेल हे चिपपेक्षा अपडेटवर ठरतं, आणि ह्या बाबतीत साध्या आयपॅडचा इतिहास चांगला आहे. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला आयपॅडओएस १३ पासून १८ पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळाल्या. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये संगणकासारख्या लहान-मोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आल्या, त्या एअरबरोबर ह्या साध्या आयपॅडलाही मिळाल्या. अकरावीत घेतलेला टॅब पदवीपर्यंत जाईल ही अपेक्षा इथे रास्त आहे. दुसऱ्या कंपनीचा घेणार असाल तर दुकानदाराला नेमकं विचारा: ह्या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत? साल सांगता आलं नाही तर तो टॅब कितीही स्वस्त असो, पाच वर्षांच्या हिशेबात धरू नका.

समोरचा कॅमेरा आडव्या बाजूच्या मध्यावर आहे, तेही बरं. तो अरुंद बाजूला असला की ऑनलाइन तासाला टॅब आडवा ठेवल्यावर माणूस भलतीकडेच बघतोय असं दिसतं.

काच आणि पडदा

आता मुख्य गायब ओळ. एअरच्या पत्रकात पडद्याखाली ‘फुली लॅमिनेटेड’ असं लिहिलेलं असतं आणि प्रतिबिंब कमी करणाऱ्या लेपाचाही उल्लेख असतो. साध्या आयपॅडच्या पत्रकात ह्या दोन्ही ओळी नाहीत.

टॅबच्या तोंडावर दोन वेगळे भाग असतात: वरची काच, जिला आपण बोट लावतो, आणि तिच्याखालचा एलसीडी पडदा, ज्यावर चित्र उमटतं. लॅमिनेटेड म्हणजे हे दोन्ही पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले. साध्या आयपॅडमध्ये ते चिकटवलेले नाहीत, मधे हवेची पातळ फट आहे. ह्या एका फटीतून तीन गोष्टी निघतात.

पहिली, प्रतिबिंब. उजेड हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना दर वेळी साधारण ४ टक्के परत फिरतो. एकजीव पडद्यावर हे मुख्यतः एकदाच घडतं, वरच्या पृष्ठभागावर. फट असली की तीनदा: काचेच्या वर, काचेच्या खाली आणि पडद्याच्या माथ्यावर. ढोबळ हिशेबाने ४ च्या जागी १२ टक्के. डोक्यावरची ट्यूबलाइट किंवा पाठीमागची खिडकी पानावर का दिसते ते ह्यातून कळतं. ५०० निट्स घरात आणि वर्गात पुरतात. दुपारी गॅलरीत किंवा बसच्या खिडकीशी पुरत नाहीत, आणि तिथे आकडा सारखा असूनही एअर जास्त वाचनीय राहतो.

दुसरी, पेनाचं टोक आणि रेघ ह्यांतलं अंतर. पेन काचेवर टेकतं, शाई मात्र फटीच्या पलीकडे उमटते. डोळा बरोबर वर असेल तर फरक दिसत नाही. टॅब टेबलावर सपाट ठेवून आपण तिरकं बघत लिहितो, तेव्हा रेघ टोकापासून किंचित सरकलेली दिसते. रोमन लिपीत हे फारसं खुपत नाही. देवनागरीत खुपतं, कारण आपला अर्थ टिंबांवर आणि छोट्या फराट्यांवर चालतो. ‘आनंद’ लिहून शेवटी वर जाऊन अनुस्वार द्यायचा, तर तो ‘न’वर पडेल की ‘द’वर, हे मारेपर्यंत नक्की नसतं. गणितातला घातांक आणि रसायनशास्त्रातले पायाशी लिहायचे आकडे ह्यांचीही हीच गत. आठवडाभरात हाताला सवय होते, आणि अक्षर थोडं मोठं काढलं की त्रास बराच कमी होतो.

दुकानात हे दोन मिनिटांत तपासता येतं. टॅब सपाट ठेवा, खुर्चीवर बसून पेनाने एक आडवी शिरोरेघ ओढा आणि पेन शेवटच्या टोकावर टेकलेलंच ठेवा. आता मान हलवून डावीकडून, मग खालून बघा. टोक आणि रेघ ह्यांच्यातली फट उघडते-मिटते. शेजारच्या एअरवर हेच करा. नखाने टकटक केली तर आवाजही वेगळा येतो. फट असलेली काच पोकळ वाजते.

इथे एक चूक हमखास होते. नवा टॅब घरी आला की जाड टेम्पर्ड काच वर चिकटवली जाते. मग पेन आणि पडद्यामधलं अंतर आणखी वाढतं. फट असलेल्या टॅबवर लावायचीच असेल तर पातळ फिल्म लावा. कागदासारखा खरखरीत स्पर्श देणारी फिल्म प्रतिबिंब कमी करते आणि पेन घसरू देत नाही, पण बारीक अक्षर जरा धूसर दिसतं आणि पेन्सिलीचं टोक लवकर झिजतं.

तिसरी गोष्ट फायद्याची आहे. टॅब पडला आणि फक्त काच तडकली, तर फट असलेल्या रचनेत काच वेगळी बदलता येते, पडदा वाचतो. एकजीव पडद्यात दोन्ही एकत्र जातात आणि खर्च कितीतरी वाढतो. दप्तरातून रोज ये-जा करणाऱ्या टॅबसाठी हा मुद्दा हलका समजू नका.

ए-फोर पान ह्या पडद्यावर किती मावतं

इंचांत सांगितलेला आकडा कर्णाचा असतो. वाचणाऱ्याला रुंदी हवी. ह्या आयपॅडवर इंचाला २६४ ठिपके आहेत, म्हणजे पडदा मिलिमीटरमध्ये सुमारे १५८ बाय २२७ भरतो. ए-फोर कागद २१० बाय २९७. उभ्या टॅबवर अख्खं पान बसवलं की ते ७५ टक्क्यांवर येतं, म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर ९ पॉइंटचा होतो. इंग्रजी ९ पॉइंटला चालून जातं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि मधे जोडाक्षरं, त्यामुळे त्याच मापात डोळे ताणावे लागतात.

ह्यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. छापील पानाला चारही बाजूंना साधारण २५ मिलिमीटर समास असतो. तो कापला की मजकुराचा चौकोन १६० बाय २४७ उरतो, आणि तो ह्या पडद्यावर ९२ टक्क्यांवर बसतो. १२ पॉइंट मग ११ पॉइंटचे होतात. पीडीएफ वाचायच्या बऱ्याच ॲपमध्ये समास कापायची सोय असते. ती एकदा लावली की पुस्तकभर लागू होते. आडवं धरलं तर पान छापील मापापेक्षा थोडं मोठंच दिसतं, पण एका वेळी अर्धंच. आकृती वर आणि स्पष्टीकरण खाली असलेल्या पुस्तकात ती वरखाली सरकवासरकव कंटाळा आणते.

अँड्रॉइडचे पुष्कळ ११ इंची टॅब लांबट असतात, १६:१० प्रमाणाचे. त्यांची रुंदी १४८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून अख्खं पान ७० टक्क्यांवर येतं. समास कापल्यावर मात्र दोघांत काही फरक उरत नाही. व्हिडिओला लांबट पडदा सोयीचा, कारण वरखाली काळ्या पट्ट्या कमी येतात.

जुन्या मराठी पीडीएफबद्दल एक सांगायला हवं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं पुस्तक दिसतं स्वच्छ, पण त्यात शब्द शोधला तर सापडत नाही आणि मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. दोष फाइलमध्ये आहे. महागातला टॅब घेऊनही तो जाणार नाही.

पेन्सिल

साध्या आयपॅडवर दोनच पेन्सिली चालतात: यूएसबी-सी पेन्सिल (२०२५ मध्ये ७,९०० रुपये) आणि पहिल्या पिढीची (तेव्हा ९,५०० रुपये). एअरवर पेन्सिल प्रो चालते, इथे नाही. गंमत अशी की दोघींत स्वस्त असलेली नवी आहे आणि तिला दाब कळत नाही. हात हलका पडो की जड, रेघ तेवढीच जाड. पहिल्या पिढीच्या जुन्या पेन्सिलीला दाब कळतो, पण ती जोडायला आणि चार्ज करायला वेगळा छोटा अडॅप्टर आणि केबल लागते, आणि तो अडॅप्टर हरवण्याजोगाच आहे. नोट्ससाठी दाबाची गरज नाही, म्हणून यूएसबी-सी पेन्सिल पुरे. चित्रं काढणाऱ्याने मात्र पहिल्या पिढीची घ्यावी किंवा सरळ एअरकडे वळावं.

यूएसबी-सी पेन्सिल लोहचुंबकाने टॅबच्या कडेला चिकटते. चिकटली म्हणजे चार्ज होतेय असं समजू नका. टोपी सरकवून केबल लावावी लागते. सुट्टीत दोन-तीन महिने पेन्सिल रिकामी पडून राहिली तर आतली चिमुकली बॅटरी इतकी उतरू शकते की पुन्हा उठतच नाही. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा.

हाताने लिहिलेलं टाइप केलेल्या अक्षरांत बदलून घ्यायचं असेल तर दुकानातच मराठीत चार शब्द लिहून बघा. इंग्रजी ओळखणारं ॲप देवनागरी ओळखेलच असं नाही. अँड्रॉइडवर जीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा पर्याय मिळतो.

साठा, पोर्ट आणि सिम

मेमरी कार्डाची जागा नाही, त्यामुळे आज घ्याल तेवढीच जागा शेवटपर्यंत. १२८ जीबीमध्ये पीडीएफ आणि नोट्स आरामात मावतात. जागा खातात ती ऑफलाइन लेक्चरं. ७२० च्या प्रतीचा तासाभराचा व्हिडिओ अर्धा ते एक जीबी घेतो. पाहून झालेली लेक्चरं पुसायची सवय असेल तर २५६ जीबीसाठी आणखी दहा हजार मोजायचं कारण नाही.

यूएसबी-सी पोर्टचा आकार एअरसारखाच, पण वेग जुन्या यूएसबी २ चा, सेकंदाला ४८० मेगाबिट. दहा जीबी पेनड्राइव्हवरून घ्यायला चार-पाच मिनिटं लागतात. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जोडली तर ती दिसेलच असं नाही, कारण टॅबमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही. हेडफोनचं गोल भोक नाही, आणि एकुलत्या पोर्टात चार्जर असला की वायरचा हेडफोन बाहेर.

सिमचं मॉडेल वायफायच्या मॉडेलपेक्षा पंधरा हजारांनी महाग होतं, आणि त्यात प्लास्टिकचं सिम बसत नाही, फक्त ईसिम. फोनच्या हॉटस्पॉटवर भागत असेल तर हे पैसे वाचवा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: वायफायच्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतं. भूगोल, स्थापत्य किंवा शेतीच्या क्षेत्रकामात नकाशावर अचूक जागा टिपायची असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बॅटरीचा आकडा कसा वाचायचा

आयपॅडच्या पत्रकात बॅटरी वॉट-तासांत दिलेली असते, सुमारे २९. अँड्रॉइडवाले एमएएच सांगतात. तुलना करायची तर एमएएचला ३.८५ ने गुणा आणि हजाराने भागा. ८,००० एमएएच म्हणजे ३०.८ वॉट-तास. दिसायला आठ हजार मोठे वाटतात, प्रत्यक्षात फरक दहा टक्क्यांहूनही कमी. कंपनी वायफायवर दहा तास म्हणते, म्हणजे सरासरी २.९ वॉट खर्च धरलेला आहे. उजेड पूर्ण वाढवला किंवा व्हिडिओ कॉल चालू ठेवला की खर्च वाढतो आणि तास घटतात.

चार्जिंगला लावून लिहिताना रेघ थरथरते किंवा बोट न लावताच पान हलतं, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा टॅबमध्ये नसून हलक्या चार्जरमध्ये असतो. त्यातून येणारा विजेचा गोंगाट काचेच्या स्पर्शजाळीत मिसळतो. बरोबर आलेला २० वॉटचा अडॅप्टर लावून बघा. तक्रार थांबली तर जुना चार्जर बाजूला ठेवा.

दुसऱ्या बाजूची गायब ओळ

अँड्रॉइडकडे वळायचं तर तिथे वेगळ्या ओळी गायब असतात. स्वस्त टॅबवर स्टोरेजचा प्रकार लिहिलेला नसतो. ईएमएमसी (स्वस्त, हळू प्रकार) असेल तर वर्षभरात ॲप उघडायला वेळ लागू लागतो, यूएफएस (वेगवान प्रकार) मागा. दुसरी ओळ वाइडवाइनची. हे चित्रपटांच्या ॲपसाठीचं सुरक्षा प्रमाणपत्र. एल१ असेल तरच पैसे भरून घेतलेले चित्रपट पूर्ण प्रतीत दिसतात. एल३ असेल तर पडदा फुल एचडी असूनही चित्र ४८० च्या आसपास अडकतं. ‘डीआरएम इन्फो’ नावाचं ॲप टाकून दुकानातच बघता येतं.

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस१० एफईमध्ये पेन खोक्यातच मिळतं, मेमरी कार्ड बसतं, पडदा ९० हर्ट्झचा (सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणारा) आहे आणि पाणी-धुळीपासून आयपी६८ संरक्षण आहे. त्या पेनाला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, त्याला शक्ती पडद्याखालच्या जाळीतून मिळते. म्हणूनच कव्हरमधला जोरदार लोहचुंबक पडद्याच्या मागे दुमडला गेला तर त्या जागी रेघ वाकडी येते.

खरी किंमत

२०२५ च्या किमती धरल्या तर ३४,९०० मध्ये पेन्सिल मिळवली की ४२,८०० होतात. त्यावर ॲपलचाच कीबोर्ड फोलिओ, २४,९०० रुपये, घेतला की ६७,७००. एवढ्यात चांगला लॅपटॉप येतो, आणि प्रोजेक्टचे अहवाल लिहायला, प्रोग्रॅमिंग शिकायला तोच बरा. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: हा टॅब पेन्सिलीसह वहीच्या जागी घ्यायचा असेल तर किंमत वसूल होते, कीबोर्ड लावून लॅपटॉपच्या जागी बसवायचा असेल तर होत नाही. टायपिंग थोडंच असेल तर साधा ब्लूटूथ कीबोर्ड पुरतो. आणि रोज दोन तासांहून जास्त बारीक अक्षरात लिहिणाऱ्याने, किंवा ट्यूबलाइटखाली वाचताना ज्याचं डोकं दुखतं त्याने, एअरचे जादा पैसे काचेखालची हवा घालवण्यासाठी द्यावेत, चिपसाठी नव्हे.

टॅब घरी आला की बदलून मिळण्याच्या मुदतीत एवढं करा. रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यांतून थोडा उजेड झिरपणं एलसीडीत चालतं, एकाच जागी झळकणारा पट्टा चालत नाही. मग पूर्ण पांढरं पान लावून पिवळसर डाग किंवा मेलेला ठिपका शोधा. पेनाने चारही कडांना समांतर सरळ रेघा ओढा. एखाद्या जागी रेघ तुटली तर तिथला स्पर्श सदोष आहे. शेवटी बॅटरी पूर्ण भरा, उजेड निम्म्यावर ठेवा, आणि उतरवून घेतलेलं तासाभराचं लेक्चर चालवा. दहा-बारा टक्के उतरली तर ठीक. पहिले दोन दिवस टॅब आतल्या आत फाइलींची यादी करत असतो आणि बॅटरी जास्त खातो, म्हणून ही शेवटची चाचणी तिसऱ्या दिवशी घ्या.